कळण्याच्या भाकरीवरून अर्थशास्त्राचा पहिला धडा

आमच्या दीपनगर परिसरात एखाद्या मुलास ‘भाकरी कोठून आली?’ असे विचारावे, तर पुष्कळदा ‘दुकानातून’ असे उत्तर मिळते. ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नव्हे. महसूल खात्यात वारसांच्या फेरफार नोंदी पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली. ज्या वारसास आपल्या शेताचा जमाखर्च ठाऊक नसे, त्याचेच शेत बहुधा आधी विक्रीस निघे. हा हिशेब मुलांस घरीच शिकविला पाहिजे. त्यास ताटातील कळण्याची भाकरी पुरेशी आहे.

पहिला धडा जमिनीचा. मुलास आपला सातबारा वाचावयास द्यावा. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाची व किती, आणि बारामध्ये तीत पीक कोणते, हे लिहिलेले असते. नंतर त्यास शेतात न्यावे व उडदाचे एक रोप मुळासकट उपटून मुळांवरील गाठी दाखवाव्यात. त्यांतील सूक्ष्म जंतू हवेतील नत्र पिकास मिळवून देतात. ज्वारी जमिनीतून बरेच अन्न घेते. उडदाचा बेवड तिला काही परत देतो. जमीन हे मुद्दल आहे, ते खाऊन टाकावयाचे नसते, ही गोष्ट मुलास येथेच उमजेल.

दुसरा धडा पाण्याचा. तापीवरील हतनूर धरणाचे पाणी शेतीस हवे, गावांस हवे आणि येथील वीज केंद्रासही हवे. साधन मोजके व मागणारे अनेक, येथूनच अर्थशास्त्रास आरंभ होतो. धुळे जिल्ह्यात पांझरेकाठच्या गावांनी फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाळीने वाटून घेतले व एका फडात एकच पीक घेण्याचा नियम पाळला, हे उदाहरण मुलांस अवश्य सांगावे.

तिसरा धडा इंधनाचा. विहिरीवरील पंप व पिठाची चक्की विजेवर चालते आणि येथील वीज कोळशापासून होते. कोळसा एकदा जळाला की संपला. जमीन मात्र नीट राखल्यास नातवासही पिकते. दोन्ही साधनेच, परंतु त्यांचा खर्च करण्याची रीत एक नव्हे.

चौथा धडा श्रमाचा. सातबाऱ्यात श्रमाचा रकाना नाही. म्हणून मुलाकडून एक वही घालवावी. पेरणी, निंदणी, कोळपणी, राखण, कापणी व मळणी यांस कोणाचे किती दिवस लागले, ते त्याने लिहावे. धान्य निवडणे, दळून आणणे व भाकरी थापणे यांत आईचे किती तास गेले, तेही त्याच वहीत यावे.

शेवटी गणित. दहा भाकऱ्यांस एक किलो पीठ धरले व घरी रोज दहा भाकऱ्या लागत असल्या, तर वर्षास 365 किलो धान्य झाले. आपल्या शेताच्या एकरी उत्पन्नावरून त्यास किती जमीन लागेल, ते मुलाने काढावे. मग बी, खत व मजुरी मांडावी. घरच्या माणसांची मजुरी वगळू नये. आकडा तोट्याचा निघाला तरी तो मुलापासून लपवू नये. तोटा नेमका कोठे होतो हे ज्यास लहानपणी कळले, तो पुढे शेत विकण्यापूर्वी तो भरून काढण्याचा मार्ग शोधील.