चार जणांचा जमाव होतो का?

शंका : बांधाच्या भांडणात आमच्या गावात एकाचा खून झाला. अकरा जणांवर खटला चालला. सात जण सुटले. माझ्या भावासह चौघांना जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 302 आणि 149 खाली जन्मठेप झाली. भावाच्या हातात काठीसुद्धा नव्हती. अपिलात एवढं सांगितलं की पुरेल ना? – एक भगिनी

समाधान : ताई, एवढ्याने नाही पुरणार. 149 लागलं की घाव कोणी घातला हे गौण ठरतं. बेकायदा जमावात समान उद्देशाने सामील असलेला रिकाम्या हाताचा माणूसही खुनाचा दोषी ठरू शकतो. मात्र नुसता बघ्या जमावाचा सदस्य होत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 1964 च्या मसालती खटल्यात हा फरक मानला आहे.

तुमच्या पत्रातली खरी मेख वेगळीच आहे. बेकायदा जमावाला किमान पाच जण लागतात, उरले चारच! त्यामुळे आधी दोषारोपाचा कागद काढा. त्यात फक्त ही अकरा नावं आहेत, की ‘व इतर अनोळखी इसम’ असंही लिहिलंय? फक्त अकरा नावं असतील आणि आणखी कोणी हजर असल्याचा पुरावाही नसेल, तर 149 टिकवणं सरकार पक्षाला जड जाईल. ‘इतर’ होते असं पुराव्यात असेल, तर सातजण सुटूनही पाचाची अट भागू शकते. आणि 149 गेलं तरी न्यायालय कलम 34 कडे वळू शकतं. पण तिथे समान इरादा दिसावा लागतो.

मग फिर्याद आणि साक्षी समोरासमोर ठेवून वाचा. फिर्यादीत भावाचं नाव आहे का? ‘सगळ्यांनी मारलं’ असं मोघम बोलणारे किती आणि तो कुठे उभा होता, काय म्हणाला, हे सांगणारे किती? मसालती खटल्यात, गर्दीच्या हल्ल्यात एका आरोपीबद्दल दोन-तीन साक्षीदारांची जुळती साक्ष असावी, ही सावधगिरी न्यायालयाने योग्य मानली. ती पक्की अट नव्हे, पण वकिलाला धरायला दोर आहे. जे साक्षीदार सात जणांबाबत विश्वसनीय ठरले नाहीत, त्यांच्याच भरवशावर चौघे का, हेही विचारायला हवं.

उच्च न्यायालयात अपील 60 दिवसांत दाखल करा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. शिक्षा स्थगित करून जामीन हवा असेल तर वेगळा अर्ज द्यावा लागेल. नुसत्या अपिलाने भाऊ बाहेर येणार नाही.