कापसाची अंगभूत प्रतिकारशक्ती आणि मर रोग

कापसाच्या लागवडीखालील चारही प्रजाती व्यापारी तत्त्वावर पिकविणारा भारत हा जगातील एकमेव देश आहे. देशी कापसाच्या दोन प्रजाती, अमेरिकन कापूस आणि इजिप्शियन कापूस या त्या चार प्रजाती होत. २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाल्यापासून पीक संरक्षणाची चर्चा मुख्यतः बोंडअळीभोवती फिरत राहिली. तथापि, बीटी जनुकामुळे तयार होणारे प्रथिन अळ्यांना मारक असते. बुरशीवर त्याचा परिणाम होत नाही. जमिनीतून येणाऱ्या बुरशीशी झाडाला आजही मुख्यतः स्वतःच्या बळावरच झुंजावे लागते. म्हणूनच हे बळ कशात आहे आणि ते कसे वाढविता येईल, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

रोगाचे स्वरूप

कापसावर मर रोग आणणाऱ्या बुरशी प्रामुख्याने दोन आहेत. फ्युजॅरियम बुरशीमुळे होणारी मर भारतात मुख्यतः देशी कापसावर आढळते, तर व्हर्टिसिलियम बुरशीमुळे होणारी मर अमेरिकन कापसावर, विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत दिसून येते. दोन्ही बुरशी मुळांवाटे शिरून जलवाहिन्यांत वाढतात. पाण्याचा मार्ग अडल्याने पाने पिवळी पडतात आणि झाड सुकते. खोड उभे चिरल्यास आत तपकिरी रेषा दिसतात. पावसाच्या ताणानंतर शेतात एकाएकी पाणी साचल्यामुळे येणारी ‘आकस्मिक मर’ मात्र बुरशीजन्य नसते. तिच्यात अशा रेषा आढळत नाहीत.

या बुरशींचे सुप्तावस्थेतील अवशेष जमिनीत अनेक वर्षे तग धरतात. शिवाय जलवाहिनीत शिरलेल्या बुरशीपर्यंत पानांवर फवारलेले औषध पोहोचत नाही. त्यामुळे रोग झाल्यावर उपचार करण्यापेक्षा झाडाची प्रतिकारक्षमता वाढविणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

झाडाची संरक्षण यंत्रणा

ही यंत्रणा दोन पातळ्यांवर काम करते. पहिली पातळी पूर्वसिद्ध असते. कापसाच्या पानांवर व बियांत दिसणाऱ्या काळ्या ठिपक्यांसारख्या ग्रंथींत गॉसिपॉल हे द्रव्य साठविलेले असते. ते किडींना व रोगजंतूंना अपायकारक आहे.

दुसरी पातळी आक्रमणानंतर कार्यान्वित होते. बुरशीची चाहूल लागताच जलवाहिनीलगतच्या पेशी वाहिनीत फुगवटे निर्माण करून बुरशीची वाट रोखतात. त्याच वेळी गॉसिपॉलच्या कुळातील बुरशीनाशक संयुगे त्या जागी स्रवतात, पेशीभित्तिका लिग्निनमुळे कठीण होतात आणि बुरशीची भित्तिका विरघळविणारी कायटिनेजसारखी विकरे तयार होतात. सॅलिसिलिक आम्ल, जॅस्मोनिक आम्ल व इथिलीन यांच्याद्वारे धोक्याचा संदेश इतर भागांकडे पोहोचतो.

रोगाला बळी पडणाऱ्या वाणातही ही साधने असतात. फरक असतो तो वेगाचा. प्रतिकारक वाणात बुरशी वर सरकण्यापूर्वीच वाट बंद होते. दुर्बल वाणात हीच क्रिया उशिरा घडते.

प्रतिकारक वाणांची पैदास

हा वेग आनुवंशिक असल्यामुळे निवड व संकराद्वारे तो पुढील पिढीत आणता येतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खानदेशासाठी निवडलेला ‘जरीला’ हा मर प्रतिकारक देशी वाण याचे उदाहरण होय. तामिळनाडूतील ‘एमसीयू-५’ या लांब धाग्याच्या वाणातून व्हर्टिसिलियम मर सहन करणारा ‘एमसीयू-५ व्हीटी’ निवडण्यात आला.

ऑस्ट्रेलियात १९९३ मध्ये फ्युजॅरियम मर प्रथम आढळली. तेथील संशोधकांना प्रतिकारक्षमतेचा एक स्रोत ‘एमसीयू-५’ या भारतीय वाणातच मिळाला. एका देशाने जतन केलेले जैववैविध्य दुसऱ्या देशाचे पीक सावरण्यास कसे उपयोगी पडते, हे यावरून स्पष्ट होते.

सुप्त शक्ती जागविण्याचे उपाय

वाण न बदलताही प्रतिकारशक्ती काही प्रमाणात वाढविता येते. ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची बीजप्रक्रिया भारतीय शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. ट्रायकोडर्मा रोगकारक बुरशीला खाऊन टाकते, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. परंतु अमेरिकेत २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वेगळी बाब पुढे आली. बुरशी खाण्याची वा प्रतिजैविक निर्माण करण्याची क्षमता नसलेले ट्रायकोडर्माचे काही प्रकारही कापसाच्या रोपांचे मूळकुजीपासून रक्षण करीत होते. त्यांच्या सहवासात मुळांमध्ये गॉसिपॉल कुळातील संयुगांची निर्मिती वाढत होती. म्हणजेच ट्रायकोडर्माने रोपाला आधीच सावध केले होते.

ॲसिबेन्झोलार-एस-मिथाइल हे रसायनही याच तत्त्वावर काम करते. ते बुरशीला थेट मारत नाही. झाडाचा संरक्षण संदेश जागृत करते. ऑस्ट्रेलियात कापसाच्या बीजप्रक्रियेसाठी त्याचा वापर झाला आहे. याखेरीज पालाशची कमतरता भरून काढणे, पाण्याचा निचरा राखणे आणि मुळांना जखमा करणाऱ्या सूत्रकृमींचे नियंत्रण करणे ही कामेही तितकीच आवश्यक आहेत, कारण दुर्बल झाडाला जागृत करूनही फारसा लाभ होत नाही.

मर्यादा आणि पुढील दिशा

प्रतिकारशक्तीची किंमतही मोजावी लागते. गॉसिपॉल माणसास व कोंबड्यांसारख्या प्राण्यांस अपायकारक असल्याने सरकीतील प्रथिनांचा पूर्ण उपयोग होत नाही. टेक्सास येथील डॉ. कीर्ती राठोड यांनी जनुक निःशब्दन तंत्राने केवळ बियांतील गॉसिपॉल घटविले आणि पाने व खोडातील संरक्षण कायम ठेवले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाने अशा कापसाच्या लागवडीवरील निर्बंध उठविले.

दुसरी मर्यादा अशी की, बुरशीही बदलते. प्रथम भारतातून नोंदविला गेलेला फ्युजॅरियमचा ‘वंश ४’ पुढे कॅलिफोर्नियात आणि २०१७ मध्ये टेक्सासमध्ये आढळला. एका ठिकाणी टिकणारे वाण नव्या वंशापुढे अपुरे पडू शकते. म्हणून प्रतिकारक वाणांचा शोध अखंड चालू ठेवावा लागतो.

नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने जतन केलेला कापसाच्या वाणांचा संग्रह या दृष्टीने राष्ट्रीय ठेव आहे. संकरित वाणांच्या प्रसारामुळे शेतातून मागे पडलेल्या देशी वाणांतही उद्याच्या रोगांवरील उत्तर दडलेले असू शकते. या वाणांचे जतन, निरोगी जमीन आणि जैविक बीजप्रक्रिया यांची सांगड घातल्यास कोरडवाहू शेतकऱ्याचा औषधांवरील खर्च कमी होईल आणि पिकाला स्वतःच्या बळावर उभे राहता येईल.