कंबोडियातील भूसुरुंग

कंबोडियातील यादवी युद्ध १९९८ च्या सुमारास निवळले. परंतु जमिनीत पुरलेल्या सुरुंगांना ती वार्ता कोण देणार? पायाचा भार पडताच फुटणारा लहानसा सुरुंग कित्येक दशके तसाच टपून राहतो. पुराने माती वाहिली, की तो निर्धोक समजल्या जाणाऱ्या शेतातही येऊन पडतो.

तेथील मुलांना शाळेत जे शिकवितात, ते आपणही समजून घेऊ. कवटीचे चित्र असलेली तांबडी पाटी दिसली, की पलीकडे पाऊल टाकावयाचे नाही. चेंडू गेला तर तो गेलाच. पाटी नाही म्हणून जागा निर्धोक, असेही नव्हे. रोजच्या वहिवाटीची वाट सोडू नये. अनोळखी वस्तू उचलू नये, तिला दगडही मारू नये (हा मोह आम्हां मुलांना फार!), जागा ध्यानात ठेवून वडीलधाऱ्यांना सांगावी. आणि आपण सुरुंगांच्या मध्येच आलो असे कळले तर? पळू नये. जागीच थांबावे, सोबत्यांनाही थांबवावे, हाका माराव्या आणि जाणते लोक येईपर्यंत हलू नये. जखमी सोबत्याकडे न धावणे, हे आम्हांस सर्वांत कठीण वाटते; पण धावणाराच दुसरा बळी ठरण्याचा संभव असतो.

सुरुंग हुडकण्यासाठी तेथे शिकवून तयार केलेले मोठे आफ्रिकी उंदीरही वापरतात. त्यांच्यातील मगावाला २०२० मध्ये ब्रिटनमधील एका संस्थेने सुवर्णपदक दिले. वजन अवघे सव्वा किलो, म्हणून त्याच्या भाराने सुरुंग फुटत नसे. स्फोटकाचा वास येताच तो जमीन उकरू लागे.