दोन भावांचे पाय

माझी सारी नोकरी फळ्यासमोर उभ्याने झाली, तर माझे थोरले बंधू अण्णा मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून दफ्तरांच्या ढिगाऱ्यात बसून आणि विडीमागून विडी ओढीत निवृत्त झाले. पुढे दोघांचेही पाय दुखू लागले, तेव्हा घरच्या मंडळींनी त्या दोन तक्रारी वयोमान या एकाच सदरी जमा करून टाकल्या. वस्तुतः त्या व्याधी परस्परांहून इतक्या भिन्न होत्या, की एकीचा इलाज दुसरीला घातक ठरावा, आणि तसा तो ठरलाही.

माझा पाय सकाळी हलका असे आणि सायंकाळी जड होई. घोट्याशी सूज येई, पोटरीवर निळ्या, नागमोडी शिरा टरारून फुगत, रात्री गोळे येत, आणि घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट होऊन तिला कंड सुटे. अण्णांच्या पायाला सूज म्हणून नव्हती. तो कृश, थंडगार, नडगीवरचे केस झडून गुळगुळीत झालेला असा होता. घरून बाजारपेठेकडे निघाले की ठराविक अंतरावर त्यांची पोटरी आवळून येई, मग ते एखाद्या दुकानाची पाटी वाचल्याचा बहाणा करीत दोन-चार मिनिटे उभे राहत, कळ ओसरली की पुढे निघत, आणि पुन्हा तितक्याच अंतरावर दुसरी पाटी शोधीत. रात्री आम्ही दोघे माजघरात शेजारी निजत असू. मी पायाखाली उशी घेई, कारण पाय उंचावला की मला हायसे वाटे. अण्णा मात्र मध्यरात्री उठून पाय खाटेखाली लोंबता सोडून बसत, कारण आडव्या पायात न पोचणारे रक्त तेवढ्या उताराने थोडेबहुत बोटांपर्यंत उतरत असे. निम्मे निदान त्या खोलीत रोज रात्री उघड पडत होते, पण ते ओळखणारे घरात कोणी नव्हते.

हृदयातून पायाकडे रक्त नेणारी ती रोहिणी आणि पायातून ते परत आणणारी ती नीला. परतीचा मार्ग चढणीचा असल्याने नीलांमध्ये ठिकठिकाणी झडपा असतात आणि पोटरीचे स्नायू चालताना रक्त वर ढकलतात. पदुआ येथील शारीरज्ञ फॅब्रिशियस याने या झडपांचे वर्णन १६०३ साली प्रसिद्ध केले, आणि त्याचाच शिष्य विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडताना त्याच झडपांची साक्ष काढली. तासन्‌तास उभे राहणाऱ्या शिक्षकाच्या, वाहतूक पोलिसाच्या वा दुकानदाराच्या पायात त्या झडपा निकामी होतात व रक्त खालीच साचते. अशी वेळ पुष्कळांवर आनुवंशिकतेने आणि स्त्रियांवर गर्भारपणातही येते. रोहिणीचा विकार याच्या उलट: तंबाखू, मधुमेह, रक्तदाब आणि चरबी यांनी तिचा मार्ग आतून अरुंद होत जातो. एका शेताला पाटाचे पाणीच मिळत नाही आणि दुसरे निचरा नसल्याने चिबड झाले आहे, तर दोघांना एकच उपाय सांगणाऱ्या माणसास आपण शेतकरी म्हणणार नाही.

मला डॉक्टरांनी लवचिक पट्टा दिला होता. त्याने मला आलेला आराम पाहून अण्णांनी माझ्या नकळत जुना पट्टा शोधून काढला आणि आपल्या पायाला करकचून बांधला. आधीच क्षीण असलेला प्रवाह त्या दाबाने आणखी रोधला गेला. करंगळी निळी पडली, मग काळी, आणि अँजिओप्लास्टी करून पाय वाचला तरी ती करंगळी काढावीच लागली.

म्हणून पट्टा वा दाबाचे मोजे घेण्यापूर्वी पायाची नाडी तपासून घ्यावी. ती पावलाच्या वरच्या बाजूस आणि आतल्या घोट्यामागे लागते. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून घोट्याच्या आकड्यास दंडाच्या आकड्याने भागले असता उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आले, तर रोहिणी अरुंद झाल्याचे समजावे. मधुमेह्यांत मात्र रोहिणी कडक झाल्याने हा आकडा फसवा, १.४ च्याही वर जाऊ शकतो. तेथे डॉपलर सोनोग्राफीच खरा दाखला देते.

नीलांच्या विकारात मोजे सकाळी सूज येण्यापूर्वी चढवावेत. बिघडलेली वरची शीर लेसरने बंद करतात, तेव्हा रक्त कोठून जाणार ही शंका मलाही होती. पण परतीचा बहुतेक भार खोलवरच्या नीला वाहतात, आणि त्या मोकळ्या आहेत ना याचा तपास आधी होतो. फुगलेली शीर फुटून रक्त आले तर आडवे होऊन पाय उंच करावा आणि त्या जागी दाबून धरावे.

रोहिणीच्या विकारात तंबाखू सोडणे हा पहिला हुकूम. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर याने १९०८ मध्ये वर्णिलेला, तरुण धूम्रपान करणाऱ्यांची बोटे खाणारा रोग तर त्यावाचून थांबतच नाही, आणि विडीच्या आपल्या देशात तो काही अपूर्व नव्हे. औषधांखेरीज कळ येईपर्यंत चालणे, थांबणे, पुन्हा चालणे असा नेम आठवड्यातून निदान तीन दिवस, अर्धा-पाऊण तास, तीन महिने चालवला तर अंतर वाढते. अण्णा आज बाजारपेठ एका थांब्यात गाठतात. ज्याच्या पायाची रोहिणी अरुंद, त्याच्या हृदयाची व मेंदूचीही संशयित मानून तपासावी. मधुमेह्याला बधिरतेमुळे कळ जाणवतही नाही, म्हणून त्याने तळवे रोज पाहावेत.

दोन प्रसंगी मुदत नसते. शस्त्रक्रिया, प्लास्टर, बाळंतपण वा लांबचा प्रवास यांनंतर एकच पाय अकस्मात सुजला व पोटरी दुखू लागली, तर खोल नीलेत गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. अशा पायाला तेल लावून चोळू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आणि पाय एकाएकी पांढराफटक, थंड व बधिर होऊन हलेनासा झाला, तर रोहिणी तुंबली असे समजून, साधारण सहा तासांच्या आत मार्ग मोकळा व्हावा म्हणून, रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया जेथे होते अशा मोठ्या रुग्णालयाकडे मध्यरात्र असली तरी सरळ निघावे. पाय शेकू नये, उंच करू नये, नुसत्या सैल कापडात गुंडाळून न्यावा.