उष्णतेत टिकणारी कार्बन-तंतू संमिश्रे

काँक्रीटचा स्लॅब टाकला म्हणजे काम संपत नाही. त्यावर किमान सात दिवस पाणी राखावे लागते. ही मुदत चुकविल्यास आतील सळया कितीही चांगल्या असोत, स्लॅब दुबळा राहतो. जेट इंजिनात वापरल्या जाणाऱ्या कार्बन-तंतू संमिश्रांनाही असाच नियम लागू पडतो. फरक एवढाच की, येथे पक्वन पाण्याने नव्हे, तर उष्णता व दाब यांच्या साहाय्याने घडविले जाते.

संमिश्रातील कार्बन तंतू केसाच्या सुमारे दशांश जाडीचे असतात. ताण ते पेलतात. सभोवतालची राळ त्यांना जागी धरते आणि भार एका तंतूकडून दुसऱ्याकडे पोहोचविते. उष्णतेत प्रथम दुबळी पडते ती राळच. या अडचणीवर उपाय म्हणून अमेरिकेत नासाच्या क्लीव्हलँड येथील संशोधन केंद्रात 1970 च्या दशकात पीएमआर-15 ही पॉलिइमाइड राळ तयार झाली. तिची संमिश्रे 288 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात दीर्घकाळ काम देतात. एफ-404 या जेट इंजिनाच्या बाह्य वायुमार्गाचे कवच टिटॅनियमऐवजी अशा संमिश्राचे करण्यात आले.

तिच्या पक्वनाचे टप्पे काटेकोर आहेत. प्रथम सुमारे 200 अंशांपर्यंत तापवून मिथिल अल्कोहोल व पाण्याची वाफ बाहेर काढली जाते. त्यानंतर दाब देऊन सुमारे 316 अंशांवर राळेचे रेणू परस्परांत जोडले जातात. शेवटी भट्टीत पुन्हा कित्येक तास तापविल्याने उष्णता सोसण्याची क्षमता वाढते. वाफ आत अडकल्यास पोकळ्या राहतात व थर सुटण्याचा धोका वाढतो. थंड होताना राळ आकुंचन पावते, तंतू मात्र जवळजवळ आकुंचत नाहीत. त्यामुळे सूक्ष्म तडे जाऊ शकतात. म्हणून नमुन्यांची चाचणी नेहमीच्या तापमानाबरोबरच तप्त स्थितीतही घेतात.

या राळेतील मेथिलीन डायॲनिलीन हा घटक यकृतास अपायकारक आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत त्यामुळे कर्करोग झाल्याचे आढळले आहे. तो त्वचेतूनही शरीरात जात असल्याने कच्चे थर हाताळणाऱ्या कामगारांना विशेष धोका असतो. अमेरिकेत 1992 मध्ये कामाच्या जागी हवेतील त्याचे प्रमाण एक अब्ज भागांत 10 भाग एवढे मर्यादित करण्यात आले. कमी अपायकारक राळींच्या शोधालाही त्यामुळे चालना मिळाली. वस्तूच्या बळाइतकीच ती घडविणाऱ्या हातांची सुरक्षितता महत्त्वाची आहे, हाच या संशोधनाचा बोध होय.