सात वचनांचें मनन

पुष्कळ वर्षें आम्ही दररोज पवित्र शास्त्राचे दोनतीन अध्याय वाचीत असूं व अध्याय संपला कीं कर्तव्य उरकलें असें समजत असूं. गाय घाईघाईनें चरते, मग सावलींत बसून सावकाश रवंथ करते. आमचें चरणें तेवढें चाललें होतें. ही उपमा आमची नव्हे. जुन्या ख्रिस्ती मठवासीयांची आहे. 6 व्या शतकांत संत बेनेदिक्त यांनीं मठाच्या नियमांत पवित्र वाचनास रोजचा वेळ नेमून दिला, व 12 व्या शतकांत ग्विगो नामक फ्रान्समधील मठाधिपतीनें वाचन, मनन, प्रार्थना व ध्यान अशा चार पायऱ्यांची शिडी वर्णिली.

आम्ही आरंभ केला तो मार्ककृत शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायांतील बार्तीमय आंधळ्याच्या गोष्टीनें. वचनें अवघीं सात. विद्यार्थ्यांस ही गोष्ट तोंडपाठ असते. आम्हांसही होती, आणि हीच अडचण होती. आठवडाभर रोज सकाळीं तीच गोष्ट हळू आवाजांत दोनदां वाचावी, जो शब्द मनांत अडकेल तेथें थांबावें, अर्थामागें धांवूं नये, एवढाच नेम. पहिले दोन दिवस लक्ष घड्याळाकडेच होतें. तिसऱ्या दिवशीं त्या भिकाऱ्यानें टाकून दिलेलें वस्त्र डोळ्यांपुढें आलें. कदाचित् तेंच त्याचें अंथरूण-पांघरूण असेल. लागलीच 'वर्गांत सांगण्यास चांगला मुद्दा मिळाला' असा विचार मनांत आला! शिक्षकाची ही खोड मननाच्या फार आड येते.

पांचव्या दिवशीं मात्र, त्या आंधळ्यास गप्प राहण्याविषयीं दटावणाऱ्या लोकांपाशीं वाचन अडलें. ते दुष्ट नव्हते. प्रभूबरोबर चाललेलेच होते. यरुशलेमेस जावयाचें, वाटेंत खोळंबा नको, एवढेंच त्यांचें म्हणणें असावें. आणि आम्हांस एक मुलगा आठवला. थोड्याच दिवसांपूर्वीं त्यानें तासाला विचारलें होतें कीं, इतकी प्रार्थना करूनही माझी आई बरी कां झाली नाहीं? धडा पुरा करावयाचा होता; 'खालीं बस' असें आम्ही म्हटलें होतें. त्या सकाळीं प्रार्थनेस शब्द शोधावे लागले नाहींत. प्रभु थांबला व त्यानें त्या आंधळ्यास बोलावून आणविलें, हें वचन त्याच्या पुढचेंच आहे.

पालकांस एक विनंति आहे. घरीं असें वाचन करावयाचें तर 'यांतून काय शिकलास?' असें मुलास लगेच विचारूं नये. मुलांस स्वस्थ बसणें आपण समजतों त्याहून बरें साधतें.

सहाव्या दिवशीं मधल्या सुटींत आम्ही त्या मुलास बोलाविलें. त्याच्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, व तसें आम्ही त्यास सांगितलें. तो बराच वेळ आईविषयीं बोलत राहिला. घंटा झाली तरी आम्ही त्यास उठविलें नाहीं.