जुन्या जीपचा वळणाचा घेर कसा कमी करावा?

मित्रांनो, गगनबावडा किंवा राधानगरीच्या बाजूला कच्च्या, अरुंद रस्त्यावर जुनी जीप वळवून बघा. एका दमात वळत नाही. मग रिव्हर्स टाका, मागे उतार, त्यात हँडब्रेक जुना! अशा वेळी कळतं की टर्निंग सर्कल हा नुसता पाच मार्कांचा प्रश्न नाही.

स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडी गोल फिरवली की बाहेरचं पुढचं चाक जे वर्तुळ काढतं, त्याचा व्यास म्हणजे टर्निंग सर्कल. आपण त्याला 'घेर' म्हणू. उदाहरणासाठी महिंद्रची सीजे-३बी घेऊ. मूळ डिझाइन अमेरिकेतल्या विलीज कंपनीचं, व्हीलबेस ८० इंच म्हणजे २.०३ मीटर.

सूत्र सोपं आहे :

त्रिज्या = व्हीलबेस ÷ साइन (बाहेरच्या चाकाचा कोन)

कोन २३ अंश धरला तर त्रिज्या येते ५.२० मीटर. २६ अंश धरला तर ४.६३ मीटर. म्हणजे फक्त ३ अंशांनी घेर एक मीटरपेक्षा थोडा जास्त कमी होतो! हे वाचून लगेच पाना घेऊन धावू नका. एवढं सोपं असतं तर कंपनीनेच केलं नसतं का?

या जीपची पुढची चाकंही इंजिनच्या ताकदीने फिरतात. त्यामुळे वळणाऱ्या चाकाच्या आत ॲक्सलला जॉइंट असतो. तो ठराविक कोनापलीकडे अडकतो आणि जोर दिला तर तुटतो. जिथे साधा युनिव्हर्सल जॉइंट आहे तिथे ३० अंशांवर चाकाचा वेग एका फेरीत दोनदा ०.८७ पट ते १.१५ पट असा कमी-जास्त होतो. स्टिअरिंगला जे हिसके बसतात ते त्याचेच. शिवाय ॲकरमनच्या भूमितीप्रमाणे (याचं पेटंट १८१८ चं, बग्गीसाठी घेतलेलं!) आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं. बाहेर ३ अंश वाढवले की आत जवळपास ५ अंश वाढतात. म्हणून नकलवर एक स्टॉप बोल्ट दिलेला असतो. बरेच जण त्याला अडथळा समजतात, पण तो खरं तर रखवालदार आहे.

मग करायचं काय? माझ्या मते आधी गाडीचा हरवलेला घेर परत मिळवायचा. त्याला खर्च कमी आणि धोका जवळजवळ नाही.

१) मोजा. सपाट मैदानावर टायर ओला करून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पूर्ण वळण घ्या आणि टेपने व्यास मोजा. दोन्हीत बराच फरक आला तर दोष लिंकेजमध्ये आहे.

२) बेलक्रँक बघा. या जीपमध्ये स्टिअरिंगची हालचाल मधल्या बेलक्रँकमधून दोन्ही टायरॉडला जाते. त्याचं बुश झिजलं की स्टिअरिंग फिरतं, पण चाक तेवढं फिरत नाही.

३) सेंटर जुळवा. चाकं सरळ असताना स्टिअरिंग बॉक्स बरोबर मध्यावर हवा. नाहीतर एका बाजूला बॉक्स आधी संपतो. बॉक्स संपण्याआधी स्टॉप बोल्ट टेकलाच पाहिजे.

४) टायर बघा. मूळ माप ६.००-१६. रुबाबासाठी रुंद टायर बसवले की ते पाट्याला घासतात आणि मग लॉक कमी ठेवावा लागतो. स्पेसर टाकून जागा मिळते, पण बेअरिंगवर भार वाढतो आणि स्टिअरिंग जड होतं.

एवढं करूनही घेर मोठा वाटला तरच स्टॉप बोल्टकडे वळा. गाडी जॅकवर घ्या, दोन्ही बाजूंना पूर्ण लॉक करून चाक हाताने फिरवा. जॉइंट अडकतो का, ब्रेकचा होज ताणला जातो का, टायर कुठे लागतो का, हे पाहा. मॅन्युअलमध्ये दिलेला कोन ही शेवटची मर्यादा. त्यापुढे एक आटाही नको. घाटात जॉइंट अडकला तर वाचलेला एक मीटर काय कामाचा?

एक फुकटचा उपाय : डांबरी रस्त्यावर फोर व्हील काढून ठेवा. पूर्ण वळणात मागची चाकं पुढच्यापेक्षा साधारण ८ टक्के कमी अंतर कापतात. या जीपमध्ये सेंटर डिफरन्शिअल नाही, त्यामुळे फोर व्हीलमध्ये टायर घसरतात, गाडी सरळ ढकलली जाते आणि घेर वाढतो.

आपल्याकडे उसाच्या फडात ट्रॅक्टरवाला आतल्या बाजूचा एकच ब्रेक दाबून बांधाला गर्रकन वळतो, ते तुम्ही पाहिलं असेल. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. जीपलाही मागे असे ब्रेक करता येतील का? मातीत येतील, पण रस्त्यावर चुकून एकच दाबला गेला तर गाडी फेकली जाईल. म्हणून तो प्रयोग मैदानापुरताच.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "बोल्ट आत घे, गाडी मस्त वळेल," तर त्याला आधी विचारा, "घेर मोजलास का?"